नालंदेच्या वाटेवर भाषा शिकणारा भिक्खू : इत्सिंग



चीन देशातून भारतात आलेल्या भिक्खूंपैकी फाहियान आणि ह्युएनत्संग ही दोन नावे तुमच्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतात. तिसरे नाव इत्सिंगचे. पुस्तकात ते बहुधा एका ओळीत आटोपते. परंतु ज्यांच्या घरातील पहिलेच मूल परक्या भाषेच्या वर्गात जाऊन बसले आहे, त्यांनी तरी हे चरित्र जाणून घेतले पाहिजे असे मला वाटते.

इत्सिंगचा जन्म इ. स. ६३५ चा. सात वर्षांचा असताना तो विहारात गेला. त्याच्या दोन गुरूंपैकी एक तो बारा वर्षांचा असतानाच वारले. दुसऱ्यांनी त्याला पुढे वाढविले. विसाव्या वर्षी उपसंपदा घेतल्यावर पाच वर्षे त्याने मुख्यतः विनयाचा अभ्यास केला. विनयाची चिनी भाषांतरे होती, परंतु चीवर कसे नेसावे, जेवणाआधी शुद्धी कशी राखावी अशा रोजच्या गोष्टींतही चीनमधल्या चालीरीती शिरल्या होत्या. मूळ भूमीत भिक्खू प्रत्यक्ष कसे राहतात हे डोळ्यांनी पाहावे, ही ओढ त्याला अठराव्या वर्षाच्या सुमारास लागली. ती फळाला यायला आणखी जवळजवळ अठरा वर्षे गेली.

निघताना राजधानीतले काही भिक्खू बरोबर येणार होते. कोणाची आई म्हातारी, कोणाचे मन दुसरीकडे वळले; एकेक करून सगळे मागे राहिले. शेवटी एक तरुण शिष्य तेवढा सोबत उरला. इत्सिंग वृद्ध गुरूंची परवानगी घेऊन आणि वारलेल्या गुरूंच्या समाधीला वंदन करून निघाला. इ. स. ६७१ मध्ये ग्वांगझू बंदरातून एका इराणी व्यापाऱ्याच्या गलबतात तो चढला. समुद्राचा प्रवास त्याने पूर्वी केलेला नव्हता.

सुमारे वीस दिवसांनी गलबत श्रीविजय राज्याला लागले. हे राज्य आजच्या इंडोनेशियात, सुमात्रा बेटावर पालेंबांगच्या परिसरात होते. इथे एक हजाराहून अधिक भिक्खू राहत आणि भारतातल्याप्रमाणेच अभ्यास करीत. इत्सिंग इथे सहा महिने थांबला. कशासाठी? संस्कृत व्याकरणासाठी, ज्याला तेव्हा शब्दविद्या म्हणत. बरोबरचा तरुण शिष्य इथे आजारी पडून माघारी गेला. आता इत्सिंग एकटा होता.

या सहा महिन्यांकडे जरा थांबून पाहू या. चिनी भाषेत शब्दाला प्रत्यय लागत नाहीत, विभक्ती नाहीत, आणि लिपीत एका चिन्हाचा एक शब्द. तुमचे मूल ‘घर, घराने, घराला’ हे न शिकविता बोलते. इत्सिंगला ‘पुरुष’ या एका शब्दाची सात विभक्ती आणि तीन वचने मिळून एकवीस रूपे घोकावी लागली. संबोधन धरले तर चोवीस. क्रियापदांचे तर विचारूच नका, दहा लकार आणि अठरा प्रत्यय. छत्तीस-सदतीस वर्षांचा, आपल्या देशात विद्वान मानला गेलेला माणूस इथे वर्णमालेपासून सुरुवात करीत होता. वर्गात गप्प बसलेल्या मुलाला आपण मंद म्हणून मोकळे होतो. ते मूल पुष्कळदा फक्त भाषेच्या उंबरठ्यावर अडखळलेले असते.

श्रीविजयच्या राजाने त्याला पुढे मलायूला पाठविले. तिथे दोन महिने, मग केडा. तेथून निघाल्यावर वाटेत निकोबारच्या बाजूचे एक बेट लागले. तिथले लोक होड्या भरभरून नारळ, केळी आणि वेताच्या वस्तू घेऊन गलबताकडे येत. त्यांना सोने-चांदी नको होती, हवे होते फक्त लोखंड. दोन बोटे लांबीच्या लोखंडाला पाच ते दहा नारळ! भाषा एकमेकांची कळत नसतानाही हा व्यवहार व्यवस्थित चाले, हे इत्सिंगने लिहून ठेवले आहे. बाजाराला खुणा पुरतात. त्याला जे शिकायचे होते त्याला खुणा पुरणार नव्हत्या.

इ. स. ६७३ मध्ये तो ताम्रलिप्तीला उतरला. आजच्या पश्चिम बंगालमधील तमलुक ते हेच. नालंदा आता काही आठवड्यांच्या वाटेवर होती. तरीही तो लगेच निघाला नाही. इथे त्याला ह्युएनत्संगचा एक शिष्य भेटला. तो महायानप्रदीप या नावाने ओळखला जाई आणि बारा वर्षे इथे राहून संस्कृतात मुरलेला होता. त्याच्याजवळ इत्सिंगने आणखी एक वर्ष भाषेचा अभ्यास केला. आपल्या बोलीत समजावून सांगणारा माणूस परदेशात भेटणे म्हणजे काय, हे गाव सोडून शहरात शिकायला गेलेल्यांना विचारावे.

६७४ मध्ये दोघे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर निघाले. बोधगया दहा दिवसांवर असताना डोंगराळ, दलदलीच्या भागात इत्सिंग तापाने खचला आणि मागे पडला. संध्याकाळी चोरांनी गाठून त्याची वस्त्रे काढून घेतली. गोऱ्या वर्णाच्या माणसाला इथे बळी देतात असे त्याच्या कानावर आले होते. म्हणून त्याने अंगाला चिखल फासला, पाने गुंडाळली आणि काठीच्या आधाराने चालत राहिला. रात्री एका गावाजवळ त्याला महायानप्रदीपाची हाक ऐकू आली. तो वाट पाहत बसला होता. त्याने अंगावर घालायला वस्त्र दिले.

बोधगयेला इत्सिंगने आपल्या मुलखातील लोकांनी दिलेल्या रेशमाचे चीवर बुद्धमूर्तीला अर्पण केले. मग नालंदेत तो सुमारे दहा वर्षे राहिला. तिथे तीन हजारांहून अधिक भिक्खू होते. हा परदेशी, उच्चार चुकणारा, म्हणून त्याला विद्या नाकारण्यात आली नाही. इथे बाबासाहेबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्याच देशात, शाळेत असताना त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी ती भाषा स्वतःच्या कष्टाने मिळविली. त्यांच्या आधी बाराशे वर्षे नालंदेत तीच भाषा एका चिनी माणसाला शिकायला मिळत होती.

मुले सहाव्या वर्षी वर्णमाला, आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, पंधराव्या वर्षी काशिकावृत्ती घेतात आणि त्या शेवटच्या ग्रंथाला पाच वर्षे लागतात, अशी बारीक नोंद त्याने मागून येणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांसाठी केली. त्यांना त्याने सल्लाही दिला : भारतात जाण्याआधी श्रीविजयला एक-दोन वर्षे राहून भाषा आणि आचार शिकून घ्या.

सुमारे ४०० ग्रंथ घेऊन तो ६८७ च्या सुमारास श्रीविजयला परतला आणि भाषांतराला बसला. कागद, शाई व लेखनिक कमी पडू लागले. ६८९ मध्ये ते मागविण्याचे पत्र द्यायला तो एका गलबतावर चढला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, गलबत सुटले, आणि ग्रंथ मागे ठेवून इत्सिंग थेट चीनला पोहोचला! त्याच वर्षी चार सहायक घेऊन तो परत श्रीविजयला आला. ६९५ मध्ये तो लोयांगला पोहोचला, तेव्हा सम्राज्ञी वू स्वतः नगराच्या वेशीबाहेर सामोरी गेली.

पुढची अठरा वर्षे भाषांतरात गेली. छप्पन्न ग्रंथ, दोनशे तीस खंड. त्यांत मूलसर्वास्तिवादाचा विनय हे सर्वांत मोठे काम. भारताच्या वाटेवर गेलेल्या पन्नासांहून अधिक भिक्खूंची चरित्रेही त्याने लिहिली. त्यांतले बरेच समुद्रात, वाटेत किंवा परक्या विहारात वारले. महायानप्रदीपाने कुशीनगरला देह ठेवला, हे आपल्याला इत्सिंगमुळेच कळते. इत्सिंग स्वतः ७१३ मध्ये वारला.