बेळगावचे बाबा पदमनजी

कंग्राळीच्या शिवारापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या बेळगावात मे 1831 मध्ये बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म झाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती त्याच वर्षी निघाली, आणि पुढे याच कोशाचा संक्षेप बाबांच्या हातून व्हावयाचा होता. घराणे कासार ज्ञातीचे, वळण सनातनी. व्रतवैकल्ये आणि पूजाअर्चा यांत मुलाचे मन रमत असे. गावात मात्र इंग्रजांची छावणी होती आणि 1820 पासून लंडन मिशनचे कार्य चालू होते. त्या मिशनच्या शाळेत बाबांना इंग्रजीची गोडी लागली.

पुढील शिक्षण मुंबईस झाले. तेथे जातिभेद गुप्तपणे मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत ते सामील झाले. परंतु मनातली तळमळ गुप्ततेने शमणारी नव्हती. 3 सप्टेंबर 1854 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही परमुलखात नव्हे, तर बेळगावातच, आप्तेष्टांच्या आणि जातभाईंच्या डोळ्यांदेखत. त्या काळी याचा अर्थ घर, पंगत आणि गोत एका दिवसात तुटणे असा होता. या घालमेलीची हकीगत त्यांनी उत्तरायुष्यात ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली. आरंभीच्या मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान मानाचे आहे.

धर्मांतरानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे 1857 साली, ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती. समाजाची मान्यता दूरच होती. ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चे हरि केशवजींनी केलेले भाषांतर 1841 मध्येच निघाले होते, आणि बंगालीत श्रीमती मलेन्स यांचे ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ 1852 साली आले होते. बाबांनी रूपकाची वाट सोडली. यमुना आणि तिचा पती विनायकराव यांना त्यांनी प्रवासास धाडले आणि मुक्कामागणिक एकेका विधवेची कहाणी वाचकापुढे ठेवली. केशवपन, उपासमार, सासरचा जाच, फसवणूक : जे माजघरात कुजबुजले जाई ते छापील पानावर आले. आणि मग अपघातात विनायकराव दगावतो. आजवर दुसऱ्यांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच त्या रांगेत जाऊन बसते. कथानकाची सारी ताकद या एका वळणात आहे. अखेरीस ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

हा शेवट ठरवून केलेला आहे, हे उघड आहे. पात्रे पुष्कळदा बोलण्याऐवजी उपदेश करतात, आणि धर्मप्रसाराचा हेतू लेखकाने लपविलेलाही नाही. त्यामुळेच मराठीच्या अभ्यासकांनी या ग्रंथाला कादंबरी म्हणावयास दीर्घकाळ हात आखडता घेतला. काहींनी तो मान 1861 च्या ‘मुक्तामाले’ला दिला. हे न्याय्य नव्हे. ‘मुक्तामाले’तले अद्भुत जग आणि यमुनेने पाहिलेली माजघरे शेजारी ठेवली की आपल्या वास्तववादी कादंबरीचे मूळ कोठे आहे ते दिसते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिकाही यमूच आहे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

बाबांनी कादंबरीचा मार्ग पुढे फारसा चोखाळला नाही, ही मराठीची हानीच. त्यांची लेखणी मात्र थांबली नाही. ‘सत्यदीपिका’ हे नियतकालिक त्यांनी चालविले, काही काळ पुण्यात धर्मोपदेशकाचे काम केले, बायबलावर टीकाग्रंथ लिहिले. ‘शब्दरत्नावली’ (1860) आणि मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप (1863) ही त्यांची कोशकार्ये. यांतल्या संक्षेपाचा उपयोग तर त्यांच्या धर्ममताशी काडीचाही संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी केला. लहानमोठी मिळून त्यांची पुस्तके शंभरावर भरतात. 29 ऑगस्ट 1906 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध होऊन एकोणपन्नास वर्षे लोटली होती.