कै. दादासाहेब फाळके आणि वाटाण्याचे रोप

पडद्यावर एक चेहरा पाहता पाहता दुसऱ्या चेहऱ्यात पालटावा, ही किमया आमच्या विद्यार्थ्यांस संगणकावर आज सहज साधते. परंतु ज्यांनी ही वाट आपल्या देशात कष्टाने घडविली, त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्हांस वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण इत्यादी विद्या संपादन केल्या. १९११ च्या सुमारास मुंबईत प्रभू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट त्यांनी पाहिला आणि आपल्या पुराणपुरुषांसही असेच पडद्यावर आणावे, या ध्यासाने त्यांना पछाडले. रात्रंदिवस अभ्यास करता करता त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती परत आली, पण ध्यास सुटला नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेस गेले व यंत्रसामग्री घेऊन परतले.

भांडवल देणाऱ्यांची खात्री कशी पटवावी? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा अचल ठेवला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. मूकपटात सेकंदास सुमारे १६ चित्रे सरकत. म्हणजे मिनिटभराच्या दृश्यास ९६० चित्रे हवीत! कॅमेरा तसूभर हलला असता, तर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते. अंकुराचा वेल झालेला पाहून भांडवल मिळाले. तेही पुरेना, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. फिल्मला भोके पाडण्याचे कामही त्या माउलीने केले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकला.

१९१९ च्या 'कालिया मर्दन' पटात त्यांची बालकन्या मंदाकिनी हिचा चेहरा कृष्णरूपात विरघळताना दिसतो. अशा दृश्यासाठी पहिले चित्र हळूहळू मंद करावयाचे, फिल्म तेवढीच मागे न्यावयाची व तिजवरच दुसरे चित्र हळूहळू उजळीत उमटवावयाचे. चेहरा जागचा हलता कामा नये. आजचा संगणक दोन्ही चेहऱ्यांवरील डोळे, नाक, ओठ यांच्या जुळत्या खुणांवरून मधली चित्रे रचतो. तरीही खुणा चुकल्या किंवा प्रकाश निराळा पडला, तर चेहरा मेणासारखा ओघळतो. साधने बदलली, नियम तोच राहिला.

बोलपटांच्या युगात दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून त्यांच्या नावे राष्ट्रीय पारितोषिक दिले जाते.

विद्यार्थिमित्रहो, मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आपण जाणताच. पालट एका रात्रीत घडत नाही. तो एकेका चित्राने, एकेका दिवसाने घडतो. तुमच्या आयुष्याचा पटही तितक्याच स्थिर हाताने घडो, हीच आमची प्रार्थना.