तीन चौरसांचा एक चौरस

हिजरी सन ३२८ च्या रमजानचा पहिला दिवस, म्हणजे १० जून ९४०. त्या दिवशी खुरासानातल्या बुझजान गावी अबुल वफा यांचा जन्म झाला. अंकगणित ते घरातच, चुलते आणि मामा यांच्याकडे शिकले. ९५९ मध्ये बगदादला आले आणि कायमचे तिथलेच झाले.

त्रिकोणमितीत त्यांचे नाव मोठे आहे. पण त्यांचा खरा मोठेपणा दिसतो तो कामकरी माणसांसाठी लिहिलेल्या दोन पुस्तकांत. पहिले कारकून आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबाचे. भारतीय अंक बाजारात अजून रुळले नव्हते, म्हणून त्यांनी त्यात सगळे आकडे शब्दांत लिहिले. तिनातून पाच गेले तर उरलेल्या दोनला त्यांनी चक्क 'कर्ज' म्हटले. व्यापाऱ्याला यापेक्षा सोपे काय सांगणार?

दुसरे पुस्तक कारागिरांसाठी, भूमितीचे. त्यातल्या कितीतरी आकृत्यांत कंपास एकदा उघडला की पुन्हा हलवायचा नाही. वर्तुळाच्या त्रिज्येएवढे अंतर वर्तुळावर सहा वेळा टाकले की बरोबर षटकोन मिळतो, हे सोपे. तेवढ्याच एका अंतरावर चौरस, पंचकोन, अष्टकोन काढायचा, ही खरी कसोटी. कंपास वारंवार हलवला की मापात फरक पडतोच, हे लाकूड-दगडात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

बगदादेत भूमितीचे पंडित आणि कारागीर एकत्र बसत. अशाच एका बैठकीत प्रश्न निघाला : तीन सारखे चौरस कापून एक चौरस कसा करायचा? पंडितांना नव्या चौरसाची बाजू काढता येत होती, पण कापायचे कुठे ते सांगता येईना. कारागिरांनी कापून दाखवले. डोळ्याला ते ठीक दिसे, सिद्धतेत टिकत नसे. अबुल वफांनी दोघांचीही उणीव सरळ लिहून ठेवली : एकाला हाताचा सराव नाही, दुसऱ्याला पुराव्याची सवय नाही.

मग स्वतःची रीत दिली. दोन चौरस कर्णावर कापा, चार त्रिकोण होतील. तिसरा चौरस अखंड मध्ये ठेवा. त्याच्या प्रत्येक बाजूला एकेका त्रिकोणाची लांब बाजू लावा. तिचे एक टोक चौरसाच्या कोपऱ्याशी जुळवा, दुसरे पुढे बाहेर जाऊ द्या. चारही बाजूंना फिरण्याची दिशा एकच ठेवा. आता चारही त्रिकोणांचे काटकोनी कोपरे सरळ रेषांनी जोडा. रेषांबाहेर उरलेले चार तुकडे कापले की आतल्या रिकाम्या जागांत नेमके बसतात. कागद-कात्री घेऊन कुणीही पाहावे.

९९७ मध्ये ख्वारिझममधल्या काथ शहरातून तरुण अल-बिरुनीने आणि बगदादमधून अबुल वफांनी ठरवून एकच चंद्रग्रहण पाहिले. दोन्हीकडच्या वेळांतल्या फरकावरून त्यांना दोन शहरांच्या रेखांशांतले अंतर काढता आले. पुढच्याच वर्षी बगदादमध्ये अबुल वफा वारले. चंद्रावरच्या एका विवराला आज त्यांचे नाव आहे.