बाबासाहेबांच्या पदव्यांचा जमाखर्च

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. त्या पदव्यांसाठी पैसा कोठून आला, कोणत्या अटींवर आला आणि त्याची परतफेड कशी झाली, ही बाजू मात्र जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. आज जो विद्यार्थी शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत जातो आणि जामीनदार शोधत फिरतो, त्याला तरी ती ठाऊक असावयास हवी.

उसनवारीची सुरुवात घरातूनच झाली. सुभेदार रामजी हे सेवानिवृत्त सैनिक. निवृत्तिवेतनावर परळच्या चाळीतील संसार जेमतेम चाले. भीमरावांना नवे पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला, की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात. रोख रक्कम मिळाली नाही तर मुलीचा दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवून परत देत. राजेमहाराजांच्या देणग्यांची नोंद इतिहासात आहे. मंजुळा आणि तुळसा या बहिणींच्या दागिन्यांचीही ती असली पाहिजे.

१९०७ साली मॅट्रिक होऊन भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. इंटरनंतर वडिलांची ऐपत संपली. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. एवढ्या आधारावर भीमराव बी. ए. झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी ४ जून रोजी भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि त्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी. आपण याला सैलपणे शिष्यवृत्ती म्हणतो; वस्तुतः ते सेवेच्या रूपाने फेडावयाचे ऋण होते. त्या रकमेतूनही ते घरी पैसे पाठवीत आणि पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घेत. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले, पुढील वर्षी पीएच. डी.चा प्रबंध सादर करून लंडनला गेले. पण मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांची पुस्तके घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले. त्या नुकसानभरपाईच्या ६०० रुपयांतून घराची सोय लावून ते कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले.

ऋणको फेडावयास आला होता. त्याला उभे राहू दिले गेले नाही. कचेरीतील शिपाई स्पर्श टाळण्यासाठी कागद लांबून फेकीत. राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, तेव्हा ते मुंबईस परतले. करार मोडला तो कोणाच्या वर्तनामुळे, हे उघड आहे. तरीही संस्थानाच्या दप्तरी रक्कम त्यांच्याच नावे राहिली आणि तिचा तगादा पुढे कित्येक वर्षे चालला. अखेर संस्थानाने ते येणे सोडून दिले.

अपुरे शिक्षण मात्र त्यांनी सोडले नाही. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून दरमहा ४५० रुपये वेतनातून बचत केली. शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मागे रमाबाई काटकसरीने संसार रेटत होत्या. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला तेव्हा पैसा संपला होता. त्यांनी मुंबईस येऊन दुरुस्त्या केल्या, प्रबंध धाडला आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळवली. वकिलीची सनद घेण्यासही पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारकडून शिष्यवृत्तीची तरतूद मिळवली. १९४४ मध्ये सुरू झालेल्या त्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला दहा वर्षांच्या नोकरीची अट नव्हती. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी तिच्याच आधारे पदवीधर झाले आहेत.