जहाजांच्या मालकीण शहजादी जहाँआरा बेगम



ताजमहाल कोणी बांधला असे विचारले, तर वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा मुलगाही उत्तर देतो. तो कोणासाठी बांधला, हेही सर्वांना ठाऊक असते. पण ज्या मुमताज महलसाठी तो उभा राहिला, त्यांच्या थोरल्या कन्येबद्दल आपल्याला किती माहिती असते? ही कन्या विदुषी होती, लेखिका होती आणि समुद्रावर चालणाऱ्या जहाजांची मालकीणही होती. तिचे नाव जहाँआरा बेगम.

जहाँआरा बेगम यांचा जन्म १६१४ साली अजमेर येथे झाला. त्यांच्या शिक्षणाकडे लहानपणापासून लक्ष देण्यात आले. सती-उन-निसा नावाच्या विदुषी त्यांच्या उस्ताद होत्या. कुरआन शरीफचे पठण, फारसी भाषा आणि साहित्य हे सारे शहजादी त्यांच्याकडे शिकल्या. मुलीची तालीम ही चैन नसून गरज आहे, हे त्या घराला उमगले होते.

ही गरज लवकरच दिसून आली. १६३१ साली बऱ्हाणपूर मुक्कामी मुमताज महल यांचे बाळंतपणात निधन झाले. आपल्या खानदेशाच्या सीमेलगतचेच हे शहर. तेव्हा जहाँआरा सतरा वर्षांच्या होत्या. आज आपल्याकडे या वयाची मुलगी अकरावी-बारावीत असते. त्या वयात धाकट्या भावंडांची, दुःखाने खचलेल्या वडिलांची आणि शाही जनानखान्याच्या कारभाराची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. आईच्या एक कोटीहून अधिक किमतीच्या मालमत्तेपैकी निम्मी बादशहाने त्यांना दिली आणि त्यांचा वार्षिक तनखा सहा लाखांवरून दहा लाख रुपये केला. लोक त्यांना बेगमसाहेब म्हणू लागले.

आता येथे क्षणभर थांबा. संपत्ती मिळणे वेगळे आणि ती सांभाळता येणे वेगळे. आपल्या शरियतने स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगण्याचा हक्क तेराशेहून अधिक वर्षांपूर्वीच दिला. परंतु जिला अक्षरओळख नाही, हिशेब येत नाही, तिचा हक्क कागदावरच राहतो आणि तिची मिळकत दुसराच कोणी खातो. जहाँआरा बेगम यांच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण हक्काच्या जोडीला इल्म होता.

त्या काळी मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर सुरत होते. तापी नदीच्या काठी वसलेल्या या शहरात अरब, इराणी, तुर्क, इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची वर्दळ असे. हाजी लोकही येथूनच निघत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हटले जाई. या बंदराचे उत्पन्न पुढे शाहजहानने जहाँआरा बेगम यांना बहाल केले. त्यांची स्वतःची जहाजेही याच बंदरातून चालत. त्यांपैकी एकाला त्यांच्याच किताबावरून ‘साहिबी’ असे नाव होते.

जहाजाचा मालक स्वतः सुकाणू धरत नसे. समुद्रावर हुकमत नाखुदाची चाले. कोकणात आपण ज्याला नाखवा म्हणतो, त्या शब्दाचे मूळ हेच. ताऱ्यांवरून वाट दाखवणाऱ्याला मुअल्लिम म्हणत आणि शिकवणाऱ्या शिक्षकालाही हाच शब्द आहे! खलाशांवर देखरेख करायला तांडेल असे. पण जहाज कोठे जाईल, माल कोणता भरायचा, याबद्दल मालकाचा शब्द चाले. शिडाच्या जहाजाला वाऱ्याची वेळ पाळावी लागते. पावसाळ्याआधी तांबड्या समुद्राकडे निघायचे आणि पावसाळा सरता सरता परतायचे, असा क्रम असे. एक वारा चुकला तर वर्ष वाया गेले.

धोका केवळ वादळाचा नव्हता. जहाँआरा बेगम यांच्या पणजी, म्हणजे जहांगीर बादशहाच्या मातोश्री मरियम-उझ-झमानी, याही जहाजमालक होत्या. त्यांचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज पोर्तुगीजांचा परवाना जवळ असतानाही त्यांनी १६१३ साली सुरतेजवळ पकडले आणि माल व उतारूंसह गोव्याला नेले. जहांगीरने चिडून पोर्तुगीजांच्या दमणला वेढा घालण्याचा हुकूम दिला. घरात हा अनुभव असतानाही या पणतीने जहाजे समुद्रात लोटली, हे लक्षात घ्या.

१६४३ च्या ऑक्टोबरात जहाँआरा बेगम यांनी हुकूम काढला की ‘साहिबी’ची पहिली सफर मक्का-मदिनेसाठी व्हावी, आणि दरवर्षी या जहाजातून पन्नास कोणी तांदूळ मक्केतील गोरगरिबांना वाटण्यासाठी पाठवावा. एका कोणीत चार मण, म्हणजे दरसाल दोनशे मण तांदूळ झाला. व्यापार करावा, नफा मिळवावा, पण त्यात गरिबाचा वाटा आधीच ठरवून ठेवावा, हा धडा आजच्या व्यापारी बांधवांनीही घेण्याजोगा आहे.

१६४४ साली त्यांच्या वस्त्रांनी पेट घेतला आणि त्या गंभीर भाजल्या. कित्येक महिने त्या मृत्यूच्या दारात होत्या. बऱ्या झाल्या तेव्हा मोठा उत्सव झाला आणि खैरात वाटण्यात आली. आग्र्याची जामा मशीद त्यांनी स्वतःच्या पाच लाख रुपयांतून बांधवली. ती १६४८ मध्ये पूर्ण झाली. दिल्लीचा चांदणी चौकही त्यांचाच. तेथे त्यांनी मुसाफिरांसाठी मोठी सराई बांधली होती. १८५७ नंतर इंग्रजांनी ती पाडली. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्यावर त्यांनी फारसीत ‘मूनिस-उल-अरवाह’ हा ग्रंथ लिहिला.

पण खरी कसोटी पुढे होती. १६५७ साली शाहजहान आजारी पडले आणि भावाभावांत तख्तासाठी युद्ध पेटले. जहाँआरा दारा शुकोहच्या बाजूच्या होत्या. तरीही दाराचा पराभव झाल्यावर त्या स्वतः औरंगजेबाकडे गेल्या आणि राज्य भावांत वाटून घ्यावे, रक्तपात टाळावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. तो मान्य झाला नाही. वडील आग्र्याच्या किल्ल्यात कैद झाले. धनाढ्य बहिणीला विजयी भावाच्या दरबारात मान मिळाला असता, पण त्यांनी कैदी वडिलांची सोबत पत्करली. १६६६ मध्ये शाहजहान यांचे निधन होईपर्यंत, सुमारे आठ वर्षे, त्यांनी त्यांची सेवा केली. मारल्या गेलेल्या दाराच्या अनाथ मुलीलाही त्यांनीच वाढवले.

त्यानंतर औरंगजेबाने या बहिणीला सन्मानाने बोलावले, पादशाह बेगम हा किताब दिला आणि तनखाही वाढवला. ज्या भावाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या, त्यालाही अखेर त्यांचा मान राखावा लागला. १६८१ साली त्यांचे निधन झाले. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिच्यावर घुमट नाही. वर उघडे आकाश आणि मधोमध माती व हिरवळ. ताजमहाल ज्यांच्या आईसाठी उभारला गेला, त्यांनी स्वतःसाठी एवढेच मागितले.

पालकहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी जहाज असेल. पण शेत, दुकान, शिवणयंत्र, बँकेचे पासबुक तर असते. मुलगी सातवी पास झाली की तिची शाळा थांबवण्याचा विचार मनात येईल, तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारा: उद्या घरावर प्रसंग आला, तर हा हिशेब तिला सांभाळता येईल काय? आणि मुलींनो, तुम्ही पुस्तक खाली ठेवू नका. वारा आपल्या हाती नसतो, पण वाट दाखवणारे तारे ओळखायला शिकता येते.