समुद्राचा तळ गणितातून ऐकणारे खाईम पेकेरिस

उथळ समुद्रात स्फोट केला, तर लांबवर ठेवलेल्या पाण्याखालच्या मायक्रोफोनला एकच 'धडाम' ऐकू येत नाही. आधी खालच्या पट्टीतली गुरगुर येते, मग तिच्यावर बारीक आवाज चढतो, शेवटी दोन्ही एका पट्टीत मिसळतात, जोरात वाजतात आणि थांबतात. असं का होतं, हे खाईम पेकेरिस यांनी गणितात मांडलं.

जन्म १९०८, लिथुआनियातलं अलितुस. तरुणपणीच अमेरिकेला गेले. एमआयटीत शिकले हवामानशास्त्र, रमले मात्र भूकंपलहरींत. दुसऱ्या महायुद्धात ते कोलंबिया विद्यापीठाच्या युद्धसंशोधन विभागात होते. तेव्हा मॉरिस यूइंग आणि लामार वर्झेल अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ स्फोट करून आवाज टिपत होते. नौदलाला उथळ पाण्यात आवाज कसा पसरतो ते हवं होतं. रेकॉर्डिंग होतं, अर्थ लागत नव्हता.

पेकेरिसनी मॉडेल अगदी साधं घेतलं: वर पाणी, खाली तळ, आणि तळही द्रवच धरायचा! तळातून आवाज जास्त वेगाने जातो, म्हणून ती गुरगुर आधी पोचते. शिवाय एका ठरावीक फ्रीक्वेन्सीखालचा आवाज पाण्यात अडकून राहतच नाही, तळात गळून जातो. समजा पाणी ५० मीटर खोल आहे आणि पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर. तळातला वेग १७०० असेल, तर ही सीमा साधारण १६ हर्ट्झ. तळ मऊ असेल, वेग १६००, तर जवळपास २२. आता हेच उलटं चालवा: रेकॉर्डिंग घ्या आणि तळाचा वेग काढा. ड्रिलिंगची गरज नाही. (खरा तळ इतका सरळ नसतो, कधीकधी दोन वेगळे तळ जवळपास सारखंच रेकॉर्डिंग देतात. या कामातली खरी डोकेदुखी तीच.)

तिघांचं काम १९४८ मध्ये एकत्र छापून आलं. त्याच सुमारास पेकेरिस इस्राएलला, वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये गेले. हाताने आकडेमोड करून भागणार नाही हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच बांधायचा हट्ट धरला. एवढ्याशा देशाला तो कशाला, अशी शंका खुद्द आइन्स्टाइनना होती. तरी १९५५ मध्ये 'वाइझॅक' सुरू झाला. त्यावर पेकेरिसनी भरती-ओहोटी सोडवली, आणि मोठ्या भूकंपानंतर पृथ्वी घंटेसारखी कशी वाजेल तेही. १९६० च्या चिलीच्या भूकंपात ते सूर खरंच सापडले.

१९९३ मध्ये ते गेले. पाण्याखालच्या आवाजाचं नवं सॉफ्टवेअर लिहिलं, की आजही ते आधी 'पेकेरिस वेव्हगाइड'वर चालवून बघतात.