संत जेरोम : आज्ञा आणि वचन
(सण : ३० सप्टेंबर)

लहानपणापासून आपण देवाच्या ‘दहा आज्ञा’ पाठ करतो. मूळ हिब्रू बायबलमध्ये मात्र त्यांना ‘दहा वचने’ म्हटले आहे (अनुवाद ४:१३).

संत जेरोम यांचा जन्म इ. स. ३४७च्या सुमारास स्ट्रिडॉन येथे झाला. सीरियाच्या वाळवंटात तप करीत असताना एका ख्रिस्ती झालेल्या यहुद्याकडून ते हिब्रू शिकले. ३८२मध्ये पोप दमासस यांनी लॅटिन शुभवर्तमाने सुधारण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. ३८६पासून ते बेथलेहेमला राहिले. तेथे त्यांनी जुना करार थेट हिब्रूतून लॅटिनमध्ये आणला. ग्रीक भाषांतर सोडल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. संत अगस्तीनही साशंक होते. स्वभावाने तापट असलेले जेरोम मागे हटले नाहीत.

‘तोरा’ म्हणजे शिकवण. तिथे त्यांनी रूढ असलेला ‘कायदा’ हाच शब्द ठेवला. पाट्यांवरील दहा वचनांना मात्र ‘वचने’च राहू दिले. ४२० साली बेथलेहेम येथे ते प्रभूघरी गेले.

कायदा मोडला की शिक्षेची भीती वाटते. वचन मोडले की नाते दुखावते. प्रायश्चित्त संस्काराची तयारी करताना दहा आज्ञा आठवू या, त्या बोलणाऱ्या पित्यासह.